कलम नुसतं उंच गेलंय, शेंडा कापायचा का?

परसबाग : वाचकांचे प्रश्न

चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पावसाचा जोर उतरला की परसातल्या झाडांकडे नीट बघायला लोकांना सवड मिळते आणि मग पत्रं यायला लागतात. या वेळच्या बऱ्याच पत्रांत दुखणं एकच आहे, कलम लावलं, जगलं, पण नुसतं वर गेलं. त्यातलं एक पत्र सविस्तर घेतेय आणि उत्तरही जरा लांब देतेय, बाकीची त्याच्या जोडीला.

प्रश्न (डिचोली) : ताई नमस्कार. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या सुरवातीला मानकुराद आंब्याचं कलम आणून घराच्या मागे लावलं. नर्सरीतच ते बाकीच्यांपेक्षा उंच होतं, आम्हाला वाटलं उंच म्हणजे चांगलं. आता नऊ फूट तरी झालंय पण खोड माझ्या अंगठ्याएवढंच आणि एकसुद्धा फांदी नाही. मांडीपर्यंत बोडकं, त्याच्यावर थोड्या थोड्या अंतराने पानांचे झुबके. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा फणस. बांबूला चार ठिकाणी सुतळीने घट्ट बांधलंय तरी या पावसात वाऱ्याने वाकून जवळजवळ आडवं झालं. सासूबाई म्हणतात वाढत्या झाडाला सुरी लावायची नाही, शेजारचे भाऊ म्हणतात शेंडा उडवा. महागाचं कलम, कापलं आणि मेलं तर? आणि कापायचं तर कुठे, कधी? फोटो पाठवतेय.

उत्तर : ताई, मरणार नाही. हे आधी सांगते कारण सगळ्यांची भीती तीच असते. आंबा हे कापल्यावर फुटणारं झाड आहे, पन्नास वर्षांची जुनी झाडंसुद्धा जाड फांद्यांवर कापून नव्याने फोडून घेतात, तुमचं तर अजून पोर आहे. कापायलाच हवं. पण कात्री हातात घ्यायच्या आधी एक काम आहे आणि ते केलं नाही तर कापून काही उपयोग होणार नाही, पुन्हा दोन वर्षांनी तुम्ही हेच पत्र लिहाल.

ते काम म्हणजे ऊन बघणं. झाड उगाच बारीक आणि उंच होत नाही, ते उजेड शोधत वर जातं. याची सुरवात बहुतेक वेळा नर्सरीतच होते, पिशव्या एकमेकीला चिकटून ठेवलेल्या, वरून हिरवी जाळी, मग प्रत्येक कलम शेजारच्याच्या वर डोकं काढायला बघतं आणि गिऱ्हाईक त्यातलं सगळ्यात उंच उचलतं. खरं तर तीन फुटांचं, जाड खोडाचं, खालपर्यंत पानं असलेलं कलम घ्यावं. तुमच्याकडे आल्यावर भिंत आणि फणस यांच्या मधे पुन्हा तेच झालं. आंब्याला दिवसाला निदान सहा तास तरी थेट ऊन लागतं. एक दिवस सकाळी आठपासून दर तासाने जाऊन नुसतं बघा की झाडावर ऊन आहे की सावली, लिहून ठेवा. आणि हे मे महिन्यात करू नका, मे महिना फसवतो. तेव्हा दुपारचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, भिंतीची सावली पायाशीच पडते आणि वाटतं छान ऊन आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा भर दुपारीसुद्धा बारा फुटी भिंतीची सावली उत्तरेला नऊ-दहा फूट लांब पडते. आणि आंब्याला मोहोर यायचा काळ नेमका तोच, डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे तुमचं कलम घराच्या उत्तरेला भिंतीला लागून असेल तर त्याला ज्या महिन्यांत ऊन हवं त्याच महिन्यांत मिळणार नाही.

फणसाचं सोपं आहे. शेजाऱ्यांना विचारून त्याच्या तुमच्या बाजूच्या खालच्या दोन-तीन फांद्या उतरवून घ्या, फणस खोडावर आणि जाड फांद्यांवर धरतो त्यामुळे बाजूच्या बारीक फांद्या गेल्याने त्यांचं फारसं नुकसान नाही. सावली भिंतीची असेल तर मात्र इलाज नाही, तेव्हा कलम हलवायचा विचार करावा, पुढच्या जूनमध्ये, पहिला पाऊस मुरल्यावर, आजूबाजूची माती मुळांसकट मोठ्या गड्ड्याने काढून. आंब्याला सोटमूळ असतं, दोन वर्षांत ते खोल गेलेलं असणार त्यामुळे यात धोका आहे, पण सावलीत वीस वर्षं उभं राहून आंबे न देणारं झाड सांभाळण्यापेक्षा मी हा धोका घेईन. रिकाम्या झालेल्या जागी मिरी किंवा जायफळ लावा, त्यांना थोडी सावली चालते, कुळागरात, म्हणजे आपल्या बागायतीत, माडा-पोफळीखाली ती होतातच.

आता कापण्याचं. खोडाच्या टोकाला जो कोंब असतो तो ऑक्झिन नावाचं एक संप्रेरक बनवतो आणि ते खोडातून खाली उतरत जातं, त्याच्यामुळे खालचे डोळे, म्हणजे फुटवे निघायच्या जागा, झोपून राहतात. टोक शाबूत आहे तोवर झाडाची ताकद वर जाण्यात जाते, टोक काढलं की खालचे डोळे जागे होतात आणि फुटतात. यात झाडावर अन्याय वगैरे काही नाही. सासूबाईंचं म्हणणं मी चुकीचं म्हणणार नाही, आपल्याकडे लहानपणापासून पाहिलेली झाडं म्हणजे माड आणि पोफळ, त्यांना वाढीचा एकच कोंब असतो आणि तो कापला की झाड गेलंच. जिने आयुष्यभर माड सांभाळले ती बाई शेंड्याला हात लावू देणार नाही हे मला पटतं. आंबा, पेरू, काजू यांचं तसं नाही, एवढं त्यांना सांगा.

कुठे कापायचं. आधी कलमाचा सांधा शोधा, जमिनीपासून साधारण वीतभर वर खोडावर थोडा फुगवटा किंवा वाकडेपणा दिसेल. सांध्याच्या वरचं ते मानकुराद, खालचं ते रायवळ खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधलं ते बियांपासून उगवलेलं साधं आंब्याचं रोप. तिथून वर जात जात जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर या, फोटोत त्या उंचीच्या जरा खाली पानांचा एक झुबका दिसतोय, तो फार कामाचा आहे. कापाच्या खाली थोडी तरी जाणती, हिरवीगार पानं राहिली पाहिजेत कारण नवे फुटवे येईपर्यंत झाड त्यांच्यावर जगणार. ज्यांच्या झाडाला त्या उंचीच्या खाली एकही पान नाही त्यांनी एवढं खाली येऊ नये, खालचा जो पहिला झुबका असेल त्याच्या वर कापावं, मग झाड साडेतीन-चार फुटांवर फुटलं तरी चालेल, पण बोडकं दांडकं उभं ठेवू नये.

एक बारीक गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही म्हणून मी थोडी थांबून सांगते. आंबा सलग वाढत नाही, एका झटक्यात फूटभर वाढतो, मग थांबतो, मग पुन्हा. जिथे थांबला तिथे खोडावर जवळजवळ लागलेल्या डोळ्यांचं एक कडं तयार होतं, बोटाने चाचपलं तरी कळतं. कापताना कात्री बरोबर या कड्याच्या वर लावली तर तिथले सगळे डोळे एकदम फुटतात, सहा-सात फुटवे एकाच जागेवरून, खराट्यासारखे. दिसायला छान, सगळे खूश होतात, पण त्या फांद्या एकाच ठिकाणी चिकटलेल्या असतात आणि पाच वर्षांनी फळांचं ओझं आणि वळवाचा वारा आला की बुंध्यापाशी चिरतात. त्याऐवजी कड्याच्या थोडं खाली, गुळगुळीत भागात कापा. तिथे डोळे कमी असतात, लांब लांब असतात, फुटवे कमी येतात पण वेगवेगळ्या उंचीवरून येतात. आपल्याला तेच हवंय. काप डोळ्याच्या बोटभर वर, किंचित तिरका, म्हणजे पाणी साचत नाही.

कधी. भर पावसात अजिबात नको. आपल्याकडे गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तेव्हा केलेली जखम वाळतच नाही, बुरशी शिरते आणि खोड वरून खाली काळं पडत येतं. एप्रिल-मेचं कडक ऊनही नको. दसऱ्याच्या आसपासचे दिवस चांगले, जमिनीत ओल असते, ऊन पडायला लागलेलं असतं. फक्त ऑक्टोबरात संध्याकाळचा गडगडाटी पाऊस येतो त्यामुळे दोन-तीन कोरडे दिवस बघून सकाळी कापा.

कोयता नको. कोयत्याने साल फाटते, दांडा चिरतो. छाटणीची धारदार कात्री घ्या, स्पिरीटने पुसून घ्या. अंगठ्याएवढं खोड कात्रीने जातं, त्याहून जाड असेल तर बारीक दाताची करवत. कापताना तोंड बाजूला ठेवा, आंब्याचा चीक अंगावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते आणि डोळ्यात गेला तर फारच वाईट, मुलांना लांब ठेवा.

कापल्यावर लगेच जखमेला बोर्डो पेस्ट लावायची. कुळागरवाल्यांना बोर्डो माहीत आहे, सुपारीच्या कोळेरोगावर पावसाळ्याआधी मारतात तेच, फक्त हे दाट. एका झाडाला लागतं कितीसं, पण थोडं बनवायचं तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवा, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये कालवा, मग दोन्ही एकत्र ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. लोखंडी खिळा घासून स्वच्छ करून त्यात थोडा वेळ बुडवून बघा, त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. ब्रशने कापावर आणि त्याच्या खाली बोटभर लावा. केलेलं त्याच दिवशी वापरायचं. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकघरातली भांडी घेऊ नका. एवढी खटपट नको असेल तर कृषी दुकानात कॉपर ऑक्सिक्लोराईड मिळतं, ते पाण्यात घट्ट कालवून लावलं तरी चालतं. उघड्या पडलेल्या खोडावर ऊन लागत असेल तर त्याला चुन्याची पातळ सफेदी द्या.

मग वाट बघा. तीन-चार आठवड्यांत तांबूस कोवळे फुटवे दिसतील. ते चार बोटांचे झाले की त्यातले तीन, फार तर चार ठेवा, वेगवेगळ्या दिशांना जाणारे, एकमेकांपासून वीतभर अंतर असलेले, खोडापासून बाहेर झुकणारे. सरळ वर जाणारा, खोडाला चिकटून चाललेला फुटवा कितीही जोमदार दिसला तरी काढा. बाकीचे नखाने खुडून टाका, कोवळे असताना खुडलं की जखमसुद्धा राहत नाही. इथे लोकांचा जीव होत नाही, इतके छान फुटवे आले आणि काढायचे! पण काढा, मी अगदी कळकळीने सांगतेय, सात फुटवे ठेवले तर सातही बारीक राहतात.

या कोवळ्या पानांवर एक भुंगा येतो, तो पान देठाजवळ आडवं कापून टाकतो, सकाळी झाडाखाली सरळ रेषेत कापलेली पानं पडलेली दिसली की समजायचं. त्याची अंडी त्या पडलेल्या पानांतच असतात, म्हणून ती रोज गोळा करून जाळा, टाकून दिली तर पुढची पिढी तिथेच तयार होते. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी कोवळ्या पालवीवर करून ठेवली तर त्रास कमी होतो.

ठेवलेल्या तीन फांद्या हातभर झाल्या, पानं गडद हिरवी आणि कडक झाली की त्यांचे शेंडे पुन्हा काढायचे. प्रत्येकीवर पुन्हा तीन ठेवा, नऊ झाल्या. अजून एकदा केलं की सत्तावीस. आंब्याचा मोहोर फांदीच्या टोकाला येतो, खोडावर नाही, म्हणजे तुमच्या आताच्या झाडाला मोहोर यायला एकच जागा आहे आणि तीही नऊ फुटांवर. दोन-तीन वर्षांनी त्याच उंचीत सत्तावीस जागा असतील आणि आंबे हाताने काढता येतील, काठीला जाळी बांधून शिडीवर चढायला नको. मानकुरादला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पहिल्या आंब्यांचा बाजारातला भाव आपण सगळे बघतोच, पडून फुटलेल्या आंब्याला तो मिळत नाही.

बांबूचं राहिलं. सुतळी आजच सोडा. घट्ट बांधलेलं खोड जाड होत नाही, वाऱ्याने थोडं थोडं हलल्यामुळेच खोड भरतं, शिवाय सुतळी सालीत रुतते. शेंडा कापल्यावर वजन कमी होईल, मग बांबू खोडापासून वीतभर लांब रोवा, जुन्या सुती कापडाची पट्टी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा, एकाच ठिकाणी, पुढच्या पावसाळ्यानंतर तोही काढून टाका. खोडावर खाली एखादा बारीक फुटवा आला आणि तो सांध्याच्या वर असला तर वर्षभर राहू द्या, त्याची पानं खोड जाड करतात, नंतर काढता येईल.

खत म्हणून युरिया देत असाल तर बंद करा, त्याने झाड अजून लांबट होईल. एक घमेलं शेणखत, पूर्ण कुजलेलं, कारण अर्धवट कुजलेल्याला आपल्या तांबड्या मातीत वाळवी लगेच लागते. खोडाला लागून नको, हातभर लांब गोल चर काढून त्यात. आणि पुढच्या वर्षी-दोन वर्षांत मोहोर आला तर खुडून टाका, चौथ्या वर्षापर्यंत फळ धरू देऊ नका. सासूबाईंना हे कापण्यापेक्षाही जड जाईल, पण तेवढं सांभाळा.

प्रश्न (पेडणे) : भाच्याने आमच्या आंब्याच्या कलमाचा शेंडा गुडघ्याच्याही खाली कापला. आता जोरात फुटलंय पण शेजारी म्हणतात हे रानटी आहे. कसं ओळखायचं?

उत्तर : फुटवा सांध्याच्या वरून आलाय की खालून एवढंच बघा. सांध्याच्या वरून एक जरी फुटवा असेल तर तो ठेवा आणि खालचे सगळे मुळापासून काढा, नाहीतर रायवळ खुंट इतक्या जोरात वाढतो की वरचं कलम दबून मरतं. आणि सांधाच कापला गेला असेल तर झाड फेकू नका. मुळं तयार आहेत, ती कमावलेली आहेत. खालचा एक जोमदार फुटवा वाढवा, येत्या पावसाळ्यात त्याच्यावर मानकुरादची काडी आणून मृदकाष्ठ कलम (कोवळ्या फुटव्यावर बांधतात ते) बांधून घ्या, ओळखीतला कोणीतरी कलम बांधणारा निघेलच. नव्या कलमापेक्षा हे लवकर वाढेल.

प्रश्न (म्हापसा) : टेरेसवर ड्रममध्ये पेरू आहे, दोनच फांद्या, दोन्ही सरळ वर गेल्या. फळ नाही.

उत्तर : पेरूला घाबरू नका. त्याची फुलं नव्या फुटव्यांवर येतात त्यामुळे छाटणी केली की फळ वाढतं. दोन्ही फांद्या निम्म्यावर कापा. पुढे जे लांब फुटवे येतील ते न कापता हळूच वाकवून दोरीने ड्रमच्या काठाला बांधा, आडव्या झालेल्या फांदीवर सगळीकडे डोळे फुटतात. ड्रममध्ये ओल एकसारखी ठेवा, एवढंच.

प्रश्न (सत्तरी) : तुम्ही मागे उंच झाडांबद्दल लिहिलं होतं, आमचं उलट आहे. भिरंडाचं (कोकमाचं) कलम लावलंय ते वर जातच नाही, जमिनीवर पसरतं. आमच्या कुळागरात जुनी भिरंडं सगळी सरळ, उंच आहेत. शेंडा कापायचा की काय करायचं?

उत्तर : काहीही कापू नका. बियांपासून झालेलं भिरंड एका सरळ खोडावर निमुळतं वर जातं आणि बाजूच्या फांद्या आडव्या येतात. कलम करताना काडी त्या आडव्या फांदीची घेतली असेल तर झाड आयुष्यभर आडवंच वाढायला बघतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पुढच्या वेळी कलम घेताना सरळ वाढणाऱ्या कोंबाची काडी वापरलीय का हे विचारून घ्या. पण हे असलेलं काढून टाकू नका. भिरंडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांपासून लावलेल्यांत नर किती निघतील ते फुलं येईपर्यंत कळत नाही आणि त्याला सात-आठ वर्षं जातात, तुमचं कलम मादी झाडाचंच असणार. सगळ्यात जोमदार फांदी निवडून तिला मजबूत खुंटाचा आधार देऊन जमेल तेवढी उभी बांधा. जमिनीला टेकलेल्या फांद्या तेवढ्या काढा कारण पावसात मातीचे शिंतोडे उडून त्यांच्यावर बुरशी येते. जागा मात्र चारही बाजूंनी जास्त लागेल, शेजारी नवीन काही लावत असाल तर दहा-बारा फूट सोडून लावा.